पॉप-अप कॅम्परच्या टपाला गॅस स्ट्रट बसवताना

पॉप-अप कॅम्पर म्हणजे मुक्कामाला टप (छत) वर उचलता येणारी राहण्याची गाडी. तिचा टप नवा असताना एकट्या माणसाला उचलता येतो. मग त्यावर सोलर पॅनल चढतं, हवेचा पंखा बसतो, सामानाचा रॅक येतो, आणि दर मुक्कामाला आत वाकून खांद्याने टप वर ढकलणं पाठीला जड जाऊ लागतं. गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोराने दांडा बाहेर ढकलणारं नळकांडं, हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मात्र तो बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून होतात: स्ट्रट जितका जोरदार तितकं बरं. स्ट्रटने टप उचलायचा नसतो, उचलणाऱ्याला हातभार लावायचा असतो. सगळ्या खिट्ट्या सोडल्यावर टप जागचा हलला नाही आणि मग थोड्या जोराने वर गेला, तर निवड बरोबर. खिट्टी सुटताच तो आपणहून उसळत असेल तर निवड चुकली आहे, मग वर जाताना ते कितीही सोयीचं वाटो.

इथलं विवेचन मुख्यतः सरळ वर जाणाऱ्या टपासाठी आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकाला घडी होणाऱ्या फळ्या असतात आणि एकेक टोक आळीपाळीने उचललं जातं, त्या प्रकारासाठी. एका कडेला बिजागरी असलेल्या टपाचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे दिला आहे. चार कोपऱ्यांतले खांब केबल आणि विंचने वर जातात अशा ट्रेलरला मात्र स्ट्रट लावू नयेत. तिथे टपाचं वजनच केबल ताणून धरतं. वजन हलकं झालं की टप खाली घेताना केबल सैल पडते आणि पुलीवरून उतरते.

आधी वजन, मग खरेदी

कंपनीच्या कागदावरचं टपाचं वजन इथे कामाचं नाही, कारण त्यात नंतर चढवलेलं सामान धरलेलं नसतं. वजन स्वतः करावं, आणि ते सोपं आहे. कॅम्परच्या आत, मागच्या टोकाच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मध्याखाली, जमिनीवर वजनकाटा ठेवा. काट्यावर गाडीचा छोटा जॅक आणि जॅकवर लाकडी खांब उभा करा. खिट्ट्या सोडा आणि जॅकने टोक साधारण १० सें.मी. वर घ्या. वर जाताना काटा काय दाखवतो ते लिहा, मग हळूहळू खाली आणताना काय दाखवतो तेही लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या टोकाचं खरं वजन, आणि दोन्हींतल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे बिजागऱ्या व टपाखालच्या घडीच्या भिंतींचं कापड यांचं घर्षण. जॅक आणि खांब यांचं वजन वजा करायला विसरू नका. पुढच्या टोकालाही हेच करा. पॅनल एका टोकाजवळ असेल तर दोन टोकांत बराच फरक निघतो, आणि तसं असल्यास दोन टोकांना वेगळ्या जोराचे स्ट्रट लागतात.

रॅकवरचं सामान कधी असतं, कधी नसतं. हिशेब नेहमी सगळ्यात हलक्या टपाचा करा. भरलेल्या टपावर हिशेब केला तर रॅक रिकामा झाल्यावर तोच स्ट्रट जास्तीचा ठरतो.

स्ट्रटवरचे आकडे

स्ट्रटच्या नळकांड्यात दाबाखालचा नायट्रोजन आणि थोडं तेल असतं. तेल सीलला ओलं ठेवतं आणि दांडा शेवटाला पोचताना त्याचा वेग कमी करतं. नळकांड्यावर सहसा दांड्याचा व नळकांड्याचा व्यास (८/१८, १०/२२ किंवा १०/२३), स्ट्रोक (दांड्याची आतबाहेर होण्याची चाल), आणि न्यूटनमधला जोर छापलेला असतो. १ किलोचा भार म्हणजे ९.८१ न्यूटन. व्यवहारात १० ने भागलं तरी चालतं.

हा छापील जोर दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचा आणि २० अंश सेल्सिअसचा असतो. दांडा आत गेला की वायूला जागा कमी उरते आणि जोर वाढतो, साधारण १.२ ते १.४ पट. नेमका आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात मिळतो. टप बंद असताना दांडा आत असतो, म्हणजे उसळण्याचा धोका ठरवणारा आकडा हा वाढीव आकडा आहे, छापील नव्हे. तापमानाचाही परिणाम होतो: दर १० अंशांना साधारण ३.४ टक्के. ४५ अंशांच्या दुपारी जोर साडेआठ टक्के वाढतो आणि ० अंशांच्या पहाटे जवळजवळ सात टक्के घटतो.

आता एक हिशेब करून पाहू. मागच्या टोकाचं वजन ३५ किलो भरलं, म्हणजे ३४३ न्यूटन. टोकाला दोन स्ट्रट, सरळ उभे. १०० न्यूटनचे घेतले आणि वाढ १.३ पट धरली तर बंद अवस्थेत प्रत्येकी १३०, दोघांचे २६० न्यूटन. माणसाला उचलायला उरले ८३ न्यूटन, म्हणजे साडेआठ किलो. भर उन्हात दोघांचा जोर २८२ होतो, तरी ३४३ च्या खालीच. वर पोचल्यावर जोर २०० वर येतो आणि साडेचौदा किलो भार हातावर राहतो, पण तोवर हात सरळ झालेला असतो आणि फळी अर्धी उभी राहिलेली असते. हेच १५० न्यूटनचे घेतले असते तर बंद अवस्थेत ३९० न्यूटन झाले असते, टपाच्या वजनापेक्षा जास्त. ५० न्यूटनच्या फरकाने मदतनीस स्ट्रट उसळणारा स्ट्रट होतो. बंद अवस्थेतला एकूण जोर त्या टोकाच्या वजनाच्या ७० ते ८० टक्के, हे धोरण ठेवलं तर ऊन आणि छापील आकड्यातला थोडाफार फरक दोन्ही त्यात सामावतात.

लांबी आणि जागा

टप किती वर जातो ते बाहेरून मोजा. समजा ५५० मि.मी. सरळ उभ्या स्ट्रटला स्ट्रोक त्याहून जास्त हवा: बंद अवस्थेत किमान १० मि.मी. दांडा आत जायला शिल्लक राहिला पाहिजे आणि उघड्या अवस्थेत ५ ते १० मि.मी. बाहेर यायला. टप थांबवण्याचं काम फळ्यांनी करायचं आहे. स्ट्रटवरच टप थांबू लागला तर आतला थांबा आणि टोकाची बॉल सॉकेट (टप किंवा भिंतीवरच्या गोल बॉलवर बसणारी वाटी) झिजतात. ५५० साठी ६०० स्ट्रोकचा स्ट्रट घ्या. तो पूर्ण उघडा बॉल ते बॉल सुमारे १२९० आणि पूर्ण मिटलेला सुमारे ६९० मि.मी. भरतो. बंद टपाला दोन बॉलमधलं अंतर ७१० ठेवलं तर उघड्या टपाला ते १२६० होतं आणि दोन्हीकडे मोकळीक राहते. इतक्या लांब स्ट्रटला जोर कमी लागत असला तरी दांडा १० मि.मी. चाच घ्यावा. ८ मि.मी. चा दांडा एवढ्या लांबीला बाजूच्या धक्क्याने वाकतो.

कोपऱ्याजवळ बाजूच्या भिंतीवर लावायचे की टोकाच्या भिंतीवर, हा खरा प्रश्न आहे. एक टोक वर आणि दुसरं खाली असताना टप तिरपा होतो. २.४ मीटर लांबीच्या टपाचं एक टोक ५५० मि.मी. वर गेलं की ते आडव्या दिशेने साधारण ६४ मि.मी. सरकतं. स्ट्रट बाजूच्या भिंतीवर असेल तर ही हालचाल भिंतीला समांतर होते, बॉलभोवती स्ट्रट मोकळा फिरतो आणि काही अडत नाही. टोकाच्या भिंतीवर असेल तर स्ट्रट भिंतीच्या दिशेने झुकतो. वरच्या मापांत भिंतीच्या माथ्यापाशी तो ३६ मि.मी. आत येतो, त्यात नळकांड्याची निम्मी जाडी धरली की बॉल भिंतीपासून ५० मि.मी. हून जास्त बाहेर हवा, नाहीतर नळकांडं कडेला घासतं. शक्य असेल तिथे बाजूची भिंत निवडा. चांदणीचा (बाहेर सावलीसाठी ओढायच्या कापडाचा) रूळ, खिडकीची झडप आणि दार मध्ये येत नाही ना, ते पाहा.

ट्रकवर बसणाऱ्या कॅम्परमध्ये पुढचा भाग केबिनवर असतो आणि तिथे उभ्या स्ट्रटला लागणारी ७१० मि.मी. उंची मिळत नाही. मग स्ट्रट तिरका लावावा लागतो. समजा खालचा बॉल वरच्यापेक्षा ३०० मि.मी. खाली आणि ६०० मि.मी. मागे आहे. बंद लांबी ६७१, उघडी १०४०, म्हणजे ३७० मि.मी. चालीत काम भागतं. पण बंद अवस्थेत जोराचा फक्त ४५ टक्के भाग वर ढकलतो, उरलेला टपाला पुढे रेटतो. २०० न्यूटनचा स्ट्रट बंद असताना वरच्या दिशेला ११६ न्यूटन देतो आणि उघडा असताना १६३. उभ्या स्ट्रटच्या हे अगदी उलट: मदत सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त. म्हणून तिरक्या स्ट्रटचा धोका बंद टपाला उसळण्याचा नसून उघडा टप खाली न येण्याचा आहे. आधीच्या हिशेबातल्या ३४३ न्यूटनच्या टोकाला दोघांचे मिळून ३२७ होतात, उन्हात ३५४. त्या दुपारी टप दोरीने ओढूनच खाली घ्यावा लागेल. तेव्हा टपाच्या आतल्या कडेला एक ओढपट्टा आधीच लावून ठेवा.

पुढे रेटणारा जोरही दुर्लक्षित करू नका. या मापांत दोन स्ट्रट मिळून बंद टपाला सुमारे ४७ किलोने पुढे ढकलतात. मागचे स्ट्रट उलट दिशेने तितकेच तिरके लावले तर हा रेटा एकमेकांत जिरतो. पुढचे तिरके आणि मागचे उभे ठेवले तर तो सगळा फळ्यांच्या बिजागऱ्यांवर येतो, त्या अडकू लागतात आणि काही दिवसांनी स्क्रू सुटतात.

साहित्य

चार स्ट्रट, दोन्ही टोकांना धातूची सॉकेट आणि तारेची सुरक्षा-क्लिप असलेले. आठ बॉल स्टड, ज्यांचा बॉल सॉकेटच्याच मापाचा असेल. १० आणि १३ मि.मी. दोन्ही सर्रास मिळतात आणि १० चा बॉल १३ च्या सॉकेटमध्ये बसल्यासारखा वाटतो, पण पहिल्या धक्क्याला निसटतो. आठ ब्रॅकेट, ३ मि.मी. स्टेनलेस स्टील किंवा ५ मि.मी. ॲल्युमिनियमची. प्रत्येकाला चार एम-६ स्टेनलेस बोल्ट, आतून ३ मि.मी. ची आधारपट्टी आणि नायलॉन असलेले लॉकनट. आतून हात पोचत नसेल तिथे रिव्हेट-नट (बाहेरूनच बसवता येणारा नट), पण तेही फक्त सांगाड्याच्या नळीत, नुसत्या पत्र्यात कधीच नाही. ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी), पॉलियुरेथेन सीलंट, निळा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद), आणि स्टेनलेस जिथे ॲल्युमिनियमला टेकतं तिथे लावायला गंजरोधक पेस्ट. सिलिकॉन सीलंट टाळा. तो पुढे नीट निघत नाही आणि त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. शिवाय टपाच्या उघड्या उंचीचे चार लाकडी टेकू. यांच्याशिवाय काम सुरूच करू नये.

बसवण्याचा क्रम

टप पूर्ण उघडा, मूळच्या अडसरांनी अडकवा आणि चार कोपऱ्यांना टेकू लावा. सांगाडा कुठे आहे ते शोधा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तेव्हा रिव्हेट आणि स्क्रूंच्या रांगा पाहा, बोटाने ठोकून आवाज ऐका, आणि भिंतीतून वायर जात नाहीत याची आतून खात्री करा.

भोक पाडण्याआधी लाकडी पट्ट्यांची रंगीत तालीम करा. एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पट्ट्या घेऊन स्ट्रटच्या जागी चिकटपट्टीने तात्पुरत्या लावा. टेकू काढा, टप हाताने बंद करा, पुन्हा एक टोक वर, मग दोन्ही टोकं वर. तिन्ही स्थितींत पट्ट्यांची लांबी मोजा आणि त्या कुठे घासतात ते पाहा. कागदावरचं गणित टपाची ओघळती कड, रबरी गॅस्केट आणि खिट्टीची मूठ विसरतं, पट्ट्या विसरत नाहीत. बॉल सॉकेट १५ ते २० अंशांपेक्षा जास्त कलत नाही, हेही इथेच दिसतं.

खुणा पक्क्या झाल्या की पुन्हा टप उघडून टेकू लावा. आधी ३ मि.मी. चं भोक, मग ६.५ चं. ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोली मर्यादित करा. आत प्लायवूड असेल तर भोक १० मि.मी. करा, इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर त्यातून ६.५ चं पाडा. असं केलं की पुढेमागे सीलंट फाटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. पोकळ नळीतून आरपार बोल्ट जाणार असेल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना ती चेपते. कडा घासून घ्या, किस पूर्ण झाडा, ब्रॅकेटच्या मागे ब्युटाइल आणि भोकात सीलंट भरून बोल्ट आवळा. ब्युटाइल दुसऱ्या दिवशी थोडा बसतो, तेव्हा पुन्हा एकदा आवळायला हवं. बॉल स्टडला थ्रेडलॉकर लावा, पण तो आधी ब्रॅकेटला लावून मगच भिंतीवर चढवा, नंतर पाना फिरवायला जागा उरत नाही.

स्ट्रट लावताना दांडा खाली, नळकांडं वर. तेल सीलवर राहतं, म्हणून स्ट्रट जास्त टिकतो. उलटा लावलेला स्ट्रट लगेच बिघडत नाही, त्यामुळे ही चूक लक्षात येत नाही, पण सील सुकून वायू हळूहळू निघून जातो. वरची सॉकेट बॉलवर दाबून बसवा, मग १०० न्यूटनचा स्ट्रट ३० मि.मी. हाताने दाबून खालची बसवा. दांडा पक्कडीत कधीही धरू नका. एका ओरखड्याने सील फाटतो. एका टोकाचे दोन्ही स्ट्रट लागल्याशिवाय त्या टोकाचे टेकू काढू नका, एकाच स्ट्रटवर टप पिळला जातो. त्या टोकाच्या चारही क्लिप बोटाने ओढून पाहा.

पहिलं बंद करणं दोघांनी करा. एकाने आतून टोक हळूहळू खाली घ्यायचं, दुसऱ्याने बाहेरून नळकांडं, कापड आणि सॉकेट पाहायचे. कापड आत दुमडलं जाण्याऐवजी स्ट्रट आणि भिंतीच्या मध्ये आलं तर पहिल्याच मुक्कामात फाटतं. टप बसला की खिट्ट्या न लावता थोडा वेळ थांबा आणि गॅस्केटच्या चारही बाजूंनी कागदाची पट्टी सरकवून बघा. कुठे सहज सरकत असेल तर तिथला स्ट्रट कड वर धरतो आहे. हीच चाचणी भर दुपारी, स्ट्रट तापलेले असताना पुन्हा करा. मग वजनकाटा आणि जॅक परत लावून उरलेला भार मोजा. तो हिशेबाच्या जवळ आला पाहिजे. उलट फारच कमी निघाला तर स्ट्रट बदला. काही स्ट्रटना वायू कमी करण्याची झडप असते, पण ती क्षणभरच उघडायची आणि दर वेळी मोजायचं, कारण बाहेर गेलेला वायू परत भरता येत नाही.

प्रवासात टप खाली धरण्याचं काम फक्त खिट्ट्यांचं. वेगात वारा टपाला वर ओढतो आणि स्ट्रट त्यात भर घालतात, म्हणून जुन्या, ढिल्या खिट्ट्या स्ट्रटच्या आधी बदला. शेवटची खिट्टी सोडताना एक हात टपावर ठेवा. उघड्या टपाचे मूळचे अडसरही काढून टाकू नका. स्ट्रट रात्री थंड होतो तेव्हा त्याचा जोर घटतो.

बिजागरीचा टप असेल तर

इथे वजनापेक्षा मोमेंट (जोर गुणिले बिजागरीपासूनचं लंब अंतर) महत्त्वाचा, आणि स्ट्रटची जागा जोरापेक्षा महत्त्वाची. ६० किलोचा, २.४ मीटर लांब, ३० अंशांपर्यंत उघडणारा टप घ्या. मोकळ्या कडेला उचलायला सुमारे ३० किलोचा जोर लागतो. दोन्ही बाजूंना ५०० न्यूटनचे स्ट्रट: टपावरचा बॉल बिजागरीपासून १ मीटरवर, २ सें.मी. खाली, आणि भिंतीवरचा बॉल १.६ मीटरवर, १० सें.मी. खाली. बंद अवस्थेत स्ट्रट जवळजवळ आडवा झोपतो आणि बिजागरीपासून त्याच्या रेषेचं लंब अंतर जेमतेम ११ सें.मी. राहतं. हातावर अजून २४ किलो उरतात. आता भिंतीवरचा बॉल फक्त आणखी १५ सें.मी. खाली घ्या. लंब अंतर ३४ सें.मी. होतं आणि हातावर ११ किलोच राहतात. स्ट्रट तोच. उघडा टप बंद करायला मात्र कडेला सुमारे १५ किलोने ओढावं लागतं. ते जास्त वाटत असेल तर ४०० न्यूटनचे घ्या: सुरुवातीला १५ किलो ढकलणं, शेवटी ७ किलो ओढणं. रोजच्या वापराला हाच समतोल चांगला. सुरुवात जड वाटते म्हणून याहून मोठे स्ट्रट लावण्यापेक्षा खालचा बॉल आणखी खाली नेता येतो का, ते आधी पाहावं.

पुढची देखभाल

दांडा कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा. त्यावर ग्रीस किंवा तेल लावलं तर धूळ चिकटते आणि सील घासते. ग्रीसचा थेंब फक्त बॉलला. दांड्यावर तेलाचा ओला पट्टा दिसू लागला, किंवा एक बाजू आधी वर जाऊ लागली, तर त्या टोकाचे दोन्ही स्ट्रट बदला. एकच नवा लावला तर टप कायम तिरका जातो आणि फळीच्या बिजागरीला पीळ बसतो. सोलर पॅनल बदललं किंवा रॅक काढला की वजन पुन्हा करा.

निकामी दिसणाऱ्या स्ट्रटमध्येही दाब शिल्लक असू शकतो. तो कापू नका, भोक पाडू नका, जवळपास वेल्डिंग करू नका, आगीत टाकू नका. दाबाची भांडी हाताळणाऱ्या भंगार केंद्रावरच द्या.